पाटा की हवा

सोलापूरच्या आमच्या मोहल्ल्यांत गाडीशी बांधलेला एक तरी माणूस नाही असे घर शोधावे लागेल. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी बॅटरीवाला, कोणी पंक्चरवाला, कोणी डेंटिंग-पेंटिंगवाला. विजापूर वेशीतून निघून हैदराबाद रोडला लागले की दुतर्फा ही माणसे हाताला ग्रीस लावून बसलेली दिसतात. आमच्या लिखाणात माग येतो, बिडी येते, मोहल्ला आणि मदरसाही येतो. गॅरेज मात्र क्वचित येते. जणू तिथे माणसे नसून नुसते पाने-पक्कड असतात. म्हणून हे थोडे गॅरेजविषयी आणि थोडे आमच्या घराविषयी.

आमच्या अब्बांची एक जीप-पिकअप होती. अजून आहे. १९७४ सालची, महिंद्राची, पुढे दोघा-तिघांची केबिन आणि मागे उघडा हौदा. अब्बांनी ती १९८३ साली सेकंडहँड घेतली. पुढची पंचवीसेक वर्षे तिने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सुताची बाचकी मागांवर नेली आणि मागांवरून चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टवर आणले. आम्हा तिघा भावांची शिक्षणे, आपाचे लग्न, घरावरचा स्लॅब, सगळे त्या हौद्यातून आले असे म्हटले तरी चालेल. आमच्यातला थोरला शिक्षक झाला, मधला यंत्रमागावर राहिला, धाकट्याने स्पेअर पार्टचे छोटे दुकान टाकले. आपा उमरग्याला दिली. २०२२ च्या पावसाळ्यात अब्बा गेले आणि पिकअप अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली.

चाळिसावा झाल्यावर भंगारवाला येऊन गेला. त्याने किलोचा भाव सांगितला. आम्ही हिशेब मांडला तो वेगळाच. आमच्या शरियतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्या सातात आम्हा भावांचे दोन-दोन आणि आपाचा एक. म्हणजे गाडीचे सरळ आठ हिस्से. दुकानाचे आणि घराचे हिस्से कागदावर झाले, कोणी कोणाला तोंड वाकडे करून दाखवले नाही. गाडीपाशी मात्र सगळे अडले. विकायची तर सगळ्यांनी हो म्हणायला हवे, ठेवायची तर कशासाठी ते कोणीतरी सांगायला हवे.

ते अम्मीने सांगितले. ती कधी काही मागत नाही, म्हणून आम्ही आधी नीट ऐकलेच नाही. म्हणाली, ‘‘मेरेकू नळदुर्ग जाना है. तुमारे अब्बा के गाडी में. सामने बैठको.’’ नळदुर्ग तिचे माहेर. हैदराबादच्या रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या आत. मुलाच्या मोटारीतून ती कितीदा जाऊन आली आहे. आपाने विचारले, मोटार बरी नाही का? तेव्हा ती म्हणाली, ‘‘उस गाडी में सामने मैं कब्बी बैठीच नै.’’

खरेच होते. पुढच्या सीटवर कधी शेठ बसला, कधी दादाजी, कधी मामू. कोणीच नसेल तेव्हा पावती-पुस्तके आणि चहाचा थर्मास. ईदला, लग्नाला, उरुसाला जाताना अम्मी कायम मागे, रिकाम्या पोत्यांवर, आम्हा चौघांना पदराखाली धरून. इतकी वर्षे आम्हाला त्यात काही वावगे दिसले नव्हते. आमच्या घरांत बायका मागेच बसतात, मग ती सभा असो, जेवणाची पंगत असो की पिकअप. ते मागणे ऐकल्यावर गाडी विकायचा विषय संपला.

आता अडचण अम्मीच्या गुडघ्याची. जीपच्या केबिनचा पत्रा जमिनीपासून २७ इंचांवर. अम्मीला पाय तितका उचलत नाही. दवाखान्यात असते तसले स्टूल लावून पाहिले, ते डगमगले. उचलून बसवतो म्हटले तर तिने सरळ नाही म्हटले. अब्बांच्या मयतीनंतर ‘उचलणे’ हा शब्दच तिला नको झाला होता. आपा शिवणकाम करते. तिने आपला टेप आणला, भिंतीला धरून अम्मीला एकेक वीट चढायला लावली आणि आकडा काढला. अम्मी १२ इंच चढू शकते, त्यावर नाही. म्हणजे मध्ये एक पक्की पायरी धरली तर केबिन २४ इंचांवर यायला हवी. तीन इंच खाली. पुढे जे काही झाले ते या तीन इंचांसाठी.

थोरल्याचा मुलगा पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकला आहे. त्याने लगेच सांगितले, ‘‘चाचा, एअर बॅग लावू. उभी असताना खाली बसेल, चालू लागली की वर येईल.’’ त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या पिकअप दाखवल्या. पोट रस्त्याला टेकलेले, चाके मडगार्डच्या आत शिरलेली. आम्हाला आधी हसू आले. अब्बा गाडी जेवढी उंच तेवढी शाबूत मानायचे. पण मुलाने त्यामागची गोष्ट सांगितली तेव्हा हसू थांबले. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कामगारांची पोरे जुन्या गाड्या खाली बसवून हळूहळू मिरवत. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारने कायदा केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. तेव्हा १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या तरुणाने गाडीला हायड्रॉलिक लावले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. तो कायदा रद्द व्हायला २०२४ साल उजाडले. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांची गाडी कोण कशी अडवतो हे आम्ही जाणतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला परकी वाटली नाही.

हवेवर गाडी उभी राहते यात तसे नवल नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून बसगाड्यांखाली हवेच्या पिशव्या आहेत. आपल्याकडे २००१ साली व्होल्वोच्या बस आल्या आणि हैदराबाद रोडवरच्या मेकॅनिकांच्या तोंडी ‘बेलो’ हा शब्द आला. १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत धावते, तिच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगाच आहेत. प्रश्न एवढाच होता, की पन्नास वर्षांच्या जुन्या जीपला हे मानवेल का?

त्यासाठी आम्ही उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे पाट्यांचे कारागीर. अब्बांच्या गाडीचे पाटे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी कधी खोलले नाहीत. वय सत्तरीच्या पुढे, एका कानाने कमी ऐकू येते, पण पाट्यावर हातोडी मारून आवाजावरून सांगतात कुठे बारीक चीर आहे ते. तुटलेला पाटा ते भंगारात घालत नाहीत. कमानीचे पोलाद फार चिवट. त्याचे ऊसतोडीचे कोयते होतात, बकरीदेच्या सुऱ्या होतात. आमच्या घरातली सुरीही अशाच एका तुटक्या पाट्याची आहे.

उस्तादांनी मुलाचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘हवा का क्या भरोसा, बेटा? पाटा टूटता तो आवाज करता. हवा जाती तो चुपचाप जाती.’’

मुलगा म्हणाला, ‘‘उस्ताद, बस में पचास आदमी हवा पेच बैठते ना?’’

‘‘बस को पाटे काढके हवा पे नै बिठाए. पैले से हवा के वास्तेच बनाए.’’

या एका वाक्यात निम्मा विषय होता. पाटा नुसते वजन उचलत नाही, चाकांचा आस जागेवर धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. पुढचे टोक बुशात, मागचे शॅकलमध्ये, मध्ये यू-बोल्टने आवळलेला आस. पाटे काढून नुसती पिशवी ठेवली तर आस पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकेल. पिशवी ओझे घेते, दिशा देत नाही. मग आसाला धरायला लोखंडी दांडे हवेत, त्यासाठी चासीला वेल्डिंग हवे, कधी चासी कापून वर उचलावी लागते. अमेरिकेतल्या त्या पिकअप अशाच बनतात.

इथे कायदा आडवा आला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली खरी, पण ती खासगी वापराच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना. चासीला हात लावला की तो दरवाजा बंद. आणि आमची गाडी तर माल वाहणारी. थोरला म्हणाला, ‘‘आठ हिश्श्यांची चीज आहे. कापायची नाही.’’ चासी न कापता, वेल्डिंग न करता, जे बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल तेवढेच करायचे ठरले. पाटे राहतील, पण कमी. पिशव्या येतील, पण मदतीला.

तडजोड ठरली, आता निवड उरली. पिशव्या मुख्यतः दोन जातींच्या. एक लांबट, नळीसारखी, खालच्या ठोकळ्यावर गुंडाळत खाली उतरणारी. ती अंगाने बारीक, चाल लांब आणि मऊ. पण सरळ उभी बसवावी लागते, तिरपे ओढणे तिला सोसत नाही. दुसरी दोन वळ्यांची, मध्ये कडे घालून आवळलेल्या बटव्यासारखी. ती बुटकी, रुंद, थोडा तिरकसपणा सोसणारी. बहुतेक लोक किती वजन उचलते ते विचारून पिशवी घेतात. उस्तादांनी आधी जागा मोजायला सांगितली. आस आणि चासी यांच्यात साडेसहा इंच जागा होती. गाडी तीन इंच खाली बसली की उरणार साडेतीन. दोन वळ्यांची पिशवी हवा गेल्यावर साधारण तीन इंचांवर येते, म्हणजे जेमतेम मावते. लांबट पिशवीला तेवढ्या जागेत उभे राहता येत नाही. चालताना गाडी मूळ उंचीपेक्षा इंचभर खाली ठेवायची, म्हणजे पिशवीला मिळणार साडेपाच इंच. ती या जातीला सोयीची उंची. पहिला प्रश्न असा टेपनेच सुटला.

मग आकार. मोठी घ्यावी की लहान? मुलाचे मत मोठी, कारण मोठी म्हणजे दमदार. थोरल्याने वहीत हिशेब घातला. पंक्चरवाल्याकडे आपण ‘तीस पौंड हवा’ म्हणतो, ते एका चौरस इंचावरचे ओझे. पिशवीचे क्षेत्रफळ गुणिले हवेचे पौंड, एवढेच तिचे बळ. माणसे बसवून गाडी १६०० किलो धरली तर एका कोपऱ्यावर ४०० किलो, म्हणजे सुमारे ८८० पौंड. त्यातले साठ टक्के पाट्यांनी घ्यायचे, उरलेले साडेतीनशे पौंड पिशवीने. मोठ्या पिशवीचे काम करणारे क्षेत्रफळ २८ चौरस इंच धरले तर तिला साडेबारा पौंडच हवा लागते. एवढ्या कमी हवेत पिशवी अर्धपोटी राहते, तिच्या वळ्या एकमेकींत चिमटतात. लहान पिशवीचे क्षेत्रफळ १६ चौरस इंच. तिला २२ पौंड. उद्या पाटा तुटून सगळे ओझे तिच्यावर आले तरी ५५ पौंडांत ती गाडी धरून ठेवेल. शिवाय पुढची चाके पूर्ण वळवली की टायर आत येतो. मोठी पिशवी त्याला घासली असती. घासलेले रबर किती दिवस टिकणार? तेव्हा चारही कोपऱ्यांना लहान, दोन वळ्यांची.

एक गोष्ट मुलाने पुस्तकातून सांगितली आणि उस्तादांनी मान हलवली. हवेची पिशवी मऊ लागायची तर तिच्यात उंची हवी, म्हणजे हवेला दबायला वाव हवा. गाडी जितकी खाली तितका वाव कमी आणि धक्का जास्त. खाली बसवलेली गाडी गादीसारखी चालते हा समज खोटा आहे. त्या व्हिडिओतल्या गाड्या गुळगुळीत रस्त्यावर चालतात. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाला एक, मशिदीपुढे एक, शाळेपुढे दोन गतिरोधक, आणि ते कोणाच्या मापाने बांधले ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ठरले, खाली बसणे फक्त उभे असताना. इंजीन चालू झाले की आधी हवा, मग गिअर.

मधल्या भावाला हे सगळे जरा ऐकीव वाटत होते. धाकट्याने एका बसची निकामी झालेली बेलो आणली आणि त्याने ती सुरीने फाडली, त्याच पाट्याच्या सुरीने. आत रबराच्या पोटात दोऱ्यांचे दोन पदर निघाले, एकमेकांवर तिरपे बसवलेले. आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस तो. त्याने नखाने दोरे मोजले, ओढून पाहिले आणि म्हणाला, ‘‘अरे, हे तर आपलेच काम आहे. रबर नुसते हवा अडवायला. ओझे दोरा धरतो.’’ त्यानंतर त्याने एकदाही शंका काढली नाही. पण एक अट घातली. सोलापूरचा मे महिना ४४-४५ अंशांचा; रबर आधी कडक होते, मग वळीत तडकते. पिशवी सायलेन्सरपासून लांब हवी, मध्ये पत्र्याचा आडोसा हवा आणि दर वर्षी रमजानआधी चारही पिशव्या खोलून वळ्या बघायच्या. मागाची देखभाल करणाऱ्यालाच हे सुचते.

बाकीच्या गोष्टी झटपट ठरल्या. चारही पिशव्यांना वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह. डाव्या-उजव्या एका नळीला जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. छोटा कॉम्प्रेसर, एक टाकी आणि टाकीतले पाणी काढायला खाली तोटी. चारही ठिकाणी रबरी ठोकळे, म्हणजे हवा पूर्ण गेली तरी लोखंड लोखंडावर आदळणार नाही. नवे शॉकअप. ब्रेकच्या रबरी नळ्या लांबीने तपासून. आणि माल वाहणे कायमचे बंद. कमी केलेल्या पाट्यांवर सुताची बाचकी टाकणे म्हणजे आपल्या हाताने आस मोडणे.

या निमित्ताने उस्तादांच्या दुकानात बसणे वाढले आणि एक गोष्ट मनाला लागली. त्यांच्याकडे आता एकही शागीर्द नाही. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. मोहल्ल्यातली पोरे आठवी-नववीतून गॅरेजला लागतात तीही मोटारसायकलीकडे जातात, पाट्याची धग कोणाला नको. उस्तादांना पाटा किती तापवावा, किती बाक द्यावा, तेलात कधी बुडवावा हे रंगावरून कळते, पण त्यांच्याकडे कसला कागद नाही. कागद आमच्या मुलाकडे आहे, पण त्याने डिप्लोमाच्या तीन वर्षांत एकही पाटा तापवलेला नव्हता. आमच्या समाजात शिकलेला आणि हुन्नरवाला हे दोघे एका घरात राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत. शिकलेल्याला ग्रीसची लाज वाटते, हुन्नरवाल्याला इंग्रजीची भीती वाटते. शिक्षणाच्या परिषदांत आम्ही डॉक्टर-इंजिनिअर किती झाले ते मोजतो. किती उस्ताद आपले काम कोणाला न देता गेले, ते कोणीच मोजत नाही.

मुलगा आता दर जुम्म्याच्या नमाजानंतर उस्तादांकडे जातो. पाट्यांची एक जुनी जोडी घेऊन ते दोघे ती बाक कमी करून, पाने कमी करून तयार करत आहेत. मुलगा कोपऱ्यावरचे वजन सांगतो, उस्ताद हातोडीने ऐकतात. परवा उस्तादांनी त्याला तीन पाटे वाजवायला दिले आणि चीर असलेला ओळखायला सांगितला. त्याने दुसऱ्या खेपेला ओळखला. उस्ताद म्हणाले, ‘‘कान है लडके कू.’’ त्याच्या डिप्लोमाच्या दिवशी घरात पेढे वाटले होते. आमच्या मते त्या दिवशीही वाटायला हरकत नव्हती.

गाडीला अजून हात लावलेला नाही. काय काढणार, काय बसवणार, चासी तशीच कशी राहणार, हे सगळे नकाशासह लिहून परवानगीचा अर्ज दिला आहे. अर्जावर वारस म्हणून सगळ्यांच्या सह्या आहेत. अम्मीने अंगठा न लावता उर्दूत आपले नाव लिहिले, सावकाश, एकेक अक्षर लावून. हो म्हणतील की नाही म्हणतील, ठाऊक नाही. नाही म्हणाले तर मूळ पाटेच ठेवून दोन टप्प्यांची पायरी, धरायला दांडा आणि शेजारी आपा, असे दुसरे ठरवून ठेवले आहे. तिसरा टप्पा अम्मीला जमतो का, ते आपा विटांवर पाहते आहे. नळदुर्गला जाणे दोन्ही परींनी होणार.

पिशव्या खोक्यातून आल्या त्या दिवशी मुलाने एक काढून टेबलावर ठेवली, नळी लावली, साबणाचे पाणी फिरवले. कुठे बुडबुडा नव्हता. पिशवी हळूहळू वर आली, हवा सोडली तशी खाली बसली. अम्मी खुर्चीवरून पाहत होती. तिने बोटाने पिशवी दाबून पाहिली आणि विचारले, ‘‘इत्तीसी पे मैं बैठूंगी?’’

‘‘चार है, दादी.’’

‘‘फिर ठीक है,’’ ती म्हणाली. ‘‘और सामने की सीट का कव्हर बदलो. उसपे अब तक शेठ के पान के दाग है.’’

कव्हराचे काम आपाने घेतले आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.